रोहिणीचे पाणी आणि मनातील शल्य : बौद्ध मानसशास्त्रातील स्वास्थ्य व शांतीचा विचार

शाक्य आणि कोलिय ही प्राचीन काळातील दोन शेजारी गणराज्ये. दोहोंमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सोयरिकीचे संबंध होते. दोघांच्या सीमेवरून रोहिणी नदी वाहत असे. नेपाळमधून येणारी ही नदी आजही उत्तर प्रदेशात गोरखपूरजवळ राप्तीला मिळते. या नदीवर दोन्ही राज्यांनी मिळून एकच बांध घातला होता आणि त्याच्या पाण्यावर दोन्ही तीरांवरची शेती पिकत असे.

एका वर्षी ज्येष्ठाच्या महिन्यात पाणी आटले, पिके माना टाकू लागली. दोन्हीकडचे शेतकरी व मजूर बांधावर जमले. कोलियांचे म्हणणे असे की, पाणी वाटून घेतले तर कोणालाच पुरणार नाही. आमचे पीक एका पाण्यात हाती येईल, तेव्हा ते आम्हांस घेऊ द्यावे. शाक्यांचे उत्तर असे की, तुमची कोठारे भरल्यावर आम्ही टोपल्या व नाणी घेऊन तुमच्या दारी धान्य मागत फिरावयाचे काय? आमचेही पीक एकाच पाण्यावर अडले आहे. एकाने हात उगारला, दुसऱ्याने परत मारले. मग शब्द पाण्यावरून कुळावर गेले. एकमेकांच्या राजघराण्यांच्या जन्मकथा काढून अपमान करण्यात आले. मजुरांनी ते शब्द अधिकाऱ्यांच्या कानी घातले, अधिकाऱ्यांनी राजपुरुषांच्या. आणि दोन्ही सैन्ये नदीकाठी समोरासमोर उभी राहिली.

पाली अट्ठकथांमध्ये, म्हणजे मूळ बौद्ध ग्रंथांवरील प्राचीन टीकाग्रंथांमध्ये, ही कथा सविस्तर आली आहे. तिचा पुढील भाग विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. भगवान बुद्ध तेथे गेले आणि भांडण कशावरून आहे, असे त्यांनी राजपुरुषांना विचारले. त्यांना ते ठाऊक नव्हते. सेनापतीला माहीत असेल, असे त्यांनी सांगितले. सेनापतीने दुसऱ्याकडे बोट दाखविले, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. असे विचारीत विचारीत प्रश्न पुन्हा शेतावरच्या मजुरांपर्यंत आला, तेव्हा उत्तर मिळाले : पाण्यावरून. बुद्धांनी पुढचा प्रश्न केला की, पाण्याचे मोल किती आणि माणसाचे किती? पाण्याचे मोल थोडे, माणसाचे मोजता न येणारे, असे उत्तर देताना दोन्ही बाजूंना आपल्या हातातील शस्त्रांचा अर्थ कळला.

शस्त्र हाती घेतलेल्यांना भांडणाचे कारण माहीत नव्हते. ज्यांना कारण माहीत होते, त्यांच्या हाती निर्णय नव्हता. तंटा वर चढत गेला तसतसे पाणी मागे पडले आणि अपमान तेवढा पुढे गेला. बौद्ध मानसशास्त्राचा अभ्यास येथून सुरू करणे सोयीचे आहे. कारण माणसाचे दुःख आणि समाजातील कलह यांची मुळे एकाच ठिकाणी आहेत, हा या शास्त्राचा मुख्य सिद्धांत होय.

धर्मानंद कोसंबी आणि डॉ. आंबेडकर

रोहिणीच्या पाण्याकडे मराठी वाचकांचे लक्ष वेधण्याचे श्रेय दोन थोर अभ्यासकांना द्यावे लागेल. पहिले धर्मानंद कोसंबी. गोव्यातील साखवाळ येथे 1876 साली जन्मलेल्या या पंडिताने नेपाळ, श्रीलंका व ब्रह्मदेशाचा प्रवास करून पाली ग्रंथांचे अध्ययन केले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पालीचे अध्यापन केले. 'भगवान बुद्ध' हा त्यांचा मराठी ग्रंथ 1940-41 च्या सुमारास प्रसिद्ध झाला. वृद्ध, रोगी आणि मृत मनुष्य दृष्टीस पडल्यामुळे राजपुत्र सिद्धार्थाने गृहत्याग केला, ही प्रचलित कथा कोसंबींना पटली नाही. त्यांनी सुत्तनिपातातील 'अत्तदंड सुत्ता'चा आधार घेतला. या प्राचीन सुत्तात बुद्धांनी स्वतःच्या मनात वैराग्य कसे उत्पन्न झाले ते सांगितले आहे. हाती दंड घेतल्याने भय निर्माण होते; आटत चाललेल्या पाण्यात मासे तडफडतात तशी माणसे परस्परांविरुद्ध तडफडताना दिसली; आणि त्या सर्वांच्या हृदयात रुतलेले, सहज न दिसणारे एक शल्य दृष्टीस पडले, असा त्याचा आशय आहे. शाक्य व कोलिय यांच्यातील कलहाचा या वैराग्याशी निकटचा संबंध असावा, असे कोसंबींनी प्रतिपादन केले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या 1957 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातही रोहिणीचा तंटाच गृहत्यागाचे कारण म्हणून मांडला आहे. शाक्य संघात युद्धाचा ठराव आला असता सिद्धार्थ त्याला विरोध करतो आणि त्याची किंमत म्हणून देशत्याग पत्करतो, अशी ती मांडणी आहे. पुढे दोन राज्यांत समेट झाल्याचे कळल्यावरही सिद्धार्थ परतत नाही. राज्याराज्यांतील युद्धे प्रसंगोपात्त असतात. वर्गावर्गांतील संघर्ष मात्र नित्याचा असतो आणि जगातील दुःखाचे मूळ तेथे आहे, असे त्याच्या लक्षात येते.

या दोन्ही अभ्यासकांच्या विवेचनात एक गोष्ट समान आहे. बुद्धांचा शोध एकांतातील वैयक्तिक समाधानासाठी नव्हता. माणसे एकमेकांवर शस्त्र का उगारतात, या प्रश्नातून तो निघाला होता.

मनाची घडण

बौद्ध विचारात मनुष्य म्हणजे पाच स्कंधांचा समूह होय : रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान. यांतील काही शब्द मराठीत वेगळ्या अर्थाने रूढ झाले असल्यामुळे त्यांचा मूळ अर्थ समजून घेणे अवश्य आहे. रूप म्हणजे शरीर व भौतिक अंग. वेदना म्हणजे केवळ दुखणे नव्हे, तर कोणतीही जाणीव उमटताच तिला चिकटून येणारी गोडी, कटुता अथवा तटस्थता. त्यामुळे वेदना सुखद असते, दुःखद असते आणि दोन्ही नसलेलीही असते. संज्ञा म्हणजे ओळख पटविण्याची, नाव देण्याची क्रिया. संस्कार म्हणजे पूर्वीच्या सवयींतून घडलेल्या मनाच्या प्रवृत्ती. विज्ञान म्हणजे येथे शास्त्र नव्हे, तर डोळा, कान इत्यादी द्वारांनी होणारी जाणीव.

हे पाचही सतत बदलत असतात. त्यांच्यामागे कायम, न बदलणारा 'मी' सापडत नाही, असा बुद्धांचा निष्कर्ष आहे. यालाच अनात्मवाद म्हणतात. तत्त्वज्ञान म्हणून तो गहन आहे. परंतु त्याचा व्यवहारातील अर्थ सोपा आहे. मी रागीट आहे, असे म्हणणारा मनुष्य स्वतःवर कायमचा शिक्का मारतो; या क्षणी राग उत्पन्न झाला आहे, असे पाहणाऱ्याला तो राग येताना आणि जातानाही दिसतो. शिक्षकाने एखाद्या मुलाला 'मठ्ठ' म्हणणे आणि आजचा धडा त्याला समजला नाही असे म्हणणे, यांतही हाच फरक आहे.

दोन बाण

वेदना आणि तिच्यावरची प्रतिक्रिया या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा बौद्ध मानसशास्त्राचा सर्वांत उपयुक्त शोध म्हणावा लागेल. संयुत्त निकायातील एका सुत्तात तो बाणाच्या दृष्टांताने समजाविला आहे. एखाद्याला बाण लागला आणि लागलीच दुसराही बाण लागला, तर त्याला दोन बाणांचे दुःख होते. पहिला बाण शरीराचा : आजार, इजा, तोटा, वियोग. हा सर्वांनाच लागतो. ज्ञानी मनुष्यही त्यातून सुटत नाही. दुसरा बाण मनाचा : शोक, चरफड, माझ्याच वाट्याला हे का, हा आक्रोश, आणि दुःखापासून पळण्यासाठी कोणत्या तरी सुखाच्या मागे धावणे. अज्ञ मनुष्य दोन्ही बाण सोसतो. अभ्यासाने मन घडविलेला मनुष्य पहिलाच सोसतो.

पहिल्या बाणाचे दुःख खोटे आहे, असे येथे म्हटलेले नाही. अवकाळी पावसाने झोपलेले पीक हा पहिला बाण होय. त्यासाठी पंचनामा व्हावा लागतो, मदत मिळावी लागते. शेजाऱ्याचे पीक कसे वाचले या जळफळाटात काढलेल्या रात्री, किंवा त्या दुःखावर उतारा म्हणून धरलेली बाटली, हा दुसरा बाण होय. पहिला काढणे पुष्कळदा समाजाच्या व शासनाच्या हाती असते; दुसरा ज्याचा त्यालाच काढावा लागतो.

मागणीपासून मारामारीपर्यंत

दुसरा बाण एका माणसाच्या मनातून निघून गावात कसा शिरतो, याची साखळी दीघ निकायातील 'महानिदान सुत्ता'त दिली आहे. प्रतीत्यसमुत्पाद, म्हणजे कारणावर अवलंबून कार्य उत्पन्न होते, हा सिद्धांत बहुधा जन्ममरणाच्या संदर्भात सांगितला जातो. या सुत्तात मात्र त्याची एक शाखा थेट समाजाकडे वळते.

वेदनेमुळे तृष्णा उत्पन्न होते. तृष्णेमुळे शोधाशोध सुरू होते. शोधाने लाभ होतो. लाभ झाला की यातील किती कोणाचे, हा हिशेब येतो. हिशेबातून ओढ, ओढीतून घट्ट आसक्ती, आसक्तीतून मालकी, मालकीतून मात्सर्य आणि मात्सर्यातून राखण येते. राखण आली की काठ्या आणि शस्त्रे येतात. मग भांडण, वितुष्ट, चहाडी आणि असत्य. या यादीत पाली भाषेत 'तुवंतुवं' असा एक शब्द आहे. मराठीतील 'तू तू मी मी'ची आठवण करून देणारा हा शब्द भांडणाचे स्वरूप एका शब्दात सांगतो.

रोहिणीच्या काठी ही साखळी जशीच्या तशी दिसते. तहानलेले पीक पाहून झालेली दुःखद वेदना स्वाभाविक होती. पाणी हवे, ही मागणीही रास्त होती. तृष्णा सुरू झाली ती, पाणी 'आम्हांलाच' हवे, या विचारापासून. त्यानंतरच्या पायऱ्या भराभर आल्या, कारण प्रत्येक पायरीने पुढचीला जन्म दिला.

तथापि ही साखळी नियती नव्हे. वेदना झाली म्हणजे तृष्णा झालीच पाहिजे, असे नाही. वेदना आणि तृष्णा यांच्यामध्ये एक फट आहे. पुढची सगळी साधना या फटीत उभे राहण्यासाठी आहे.

स्मृतीचा अभ्यास

या फटीत उभे राहण्याच्या सामर्थ्याला पालीत सती, संस्कृतात स्मृती म्हणतात. मागचे आठवणे एवढाच तिचा अर्थ नाही; आता काय चालले आहे याचे भान सुटू न देणे म्हणजे सती. सतिपट्ठान सुत्तात तिची चार क्षेत्रे सांगितली आहेत : शरीर, वेदना, चित्त आणि मनात येणारे विषय. अभ्यासाचा आरंभ श्वासापासून होतो, कारण तो प्रत्येकाजवळ आहे आणि त्याला कोणताही पंथ नाही.

नको ते विचार मनात घोळू लागले तर काय करावे, याची पाच उपायांची यादी मज्झिम निकायातील 'वितक्कसंठान सुत्ता'त आहे. पहिला उपाय, वाईट विचाराच्या जागी चांगला विचार आणणे. सुतार बारीक खुंटीने मोठी खुंटी ठोकून बाहेर काढतो, तसे. दुसरा, त्या विचाराचे परिणाम डोळ्यांपुढे आणणे. तिसरा, त्याच्याकडे लक्ष न देणे; नको असलेली वस्तू दिसू नये म्हणून मनुष्य डोळे मिटतो किंवा तोंड फिरवितो, तसे. चौथा, तो विचार कोठून आला याचा माग घेत त्याचा वेग कमी करणे. धावणारा माणूस आधी चालू लागतो, मग उभा राहतो, मग बसतो, तसे. पाचवा, दात आवळून निग्रहाने त्याला दाबणे. दडपण्याचा उपाय यादीत अगदी शेवटी ठेवला आहे, ही गोष्ट लक्षणीय होय. मनावर जबरदस्ती हा पहिला मार्ग नव्हे.

अतिरेक टाळण्याबद्दल सोण नावाच्या भिक्षूची कथा सांगतात. कठोर साधना करूनही हाती काही लागत नाही, असे पाहून तो संघ सोडून घरी परतण्याच्या विचारात होता. तो पूर्वी उत्तम वीणा वाजवीत असे. तारा फार ताणल्या तर वीणा वाजते काय, आणि फार सैल सोडल्या तर वाजते काय, असे बुद्धांनी त्याला विचारले. उत्तर त्याच्या बोटांना ठाऊकच होते.

मैत्रीचे जवळचे शत्रू

स्मृती मनाला थांबवते. पण थांबलेले मन कोणत्या दिशेला वळवावे? त्यासाठी मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार भावना सांगितल्या आहेत. मैत्री म्हणजे सर्वांचे भले चिंतणे. करुणा म्हणजे दुःख दूर व्हावे ही तळमळ. मुदिता म्हणजे दुसऱ्याच्या उत्कर्षात आनंद. उपेक्षा म्हणजे समतोल. मराठीत उपेक्षा म्हणजे हेळसांड असा अर्थ झाला आहे. मूळ अर्थ त्याच्या उलट आहे : कोणाकडेही न झुकता नीट पाहणे.

पाचव्या शतकात श्रीलंकेत आचार्य बुद्धघोषांनी रचलेल्या 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथात या भावनांचे सूक्ष्म विश्लेषण आहे. धर्मानंद कोसंबींनी संपादित केलेली या ग्रंथाची देवनागरी आवृत्ती मुंबईहून 1940 साली निघाली. बुद्धघोष म्हणतात, प्रत्येक भावनेला एक दूरचा शत्रू असतो आणि एक जवळचा. मैत्रीचा दूरचा शत्रू द्वेष. तो ओळखता येतो. तिचा जवळचा शत्रू आसक्ती. ती मैत्रीचेच सोंग घेऊन येते. करुणेचा दूरचा शत्रू क्रौर्य, तर जवळचा शत्रू शोकात बुडून जाणे. उपेक्षेचे दूरचे शत्रू लोभ व द्वेष, आणि जवळचा शत्रू अज्ञानातून आलेली बेफिकिरी.

लोकांशी रोज संबंध येणाऱ्या अधिकाऱ्याला, शिक्षकाला व पंचायत सदस्याला हे विश्लेषण विचार करण्यास लावणारे आहे. आपल्या माणसाचे काम आधी करणे ही मैत्री वाटते. ती आसक्ती असते. अर्जदाराचे दुःख ऐकून हळहळणे आणि अर्ज तसाच ठेवणे, ही करुणा नव्हे. आपल्याला दोन्ही पक्ष सारखेच, असे म्हणून तंट्यापासून दूर बसणे ही निःपक्षपाती वृत्ती वाटते. पुष्कळदा ती बेफिकिरी असते.

तंटा मिटविण्याच्या सात रीती

मन सुधारा म्हणजे सर्व काही सुधारेल, एवढेच सांगून बुद्ध थांबले नाहीत. भिक्षुसंघातही तंटे होत. मज्झिम निकायातील 'सामगाम सुत्ता'त तंट्याची सहा मुळे सांगितली आहेत : क्रोध व आकस, दुसऱ्याचे गुण झाकणे व उर्मटपणा, मत्सर व कृपणता, कपट व लबाडी, दुष्ट इच्छा व चुकीची दृष्टी, आणि आपल्याच मताला चिकटून राहणे. त्याबरोबरच तंटा शमविण्याच्या सात रीतीही दिल्या आहेत.

पहिली रीत, दोन्ही पक्ष समोर असतानाच निर्णय करणे. दुसरी, आरोप असलेली व्यक्ती निर्दोष व पूर्ण स्मृतीची असेल, तर तसे जाहीर करून तिला आरोपातून मुक्त करणे. तिसरी, मन ठिकाणावर नसताना घडलेल्या कृत्याबद्दल मनुष्य बरा झाल्यावर त्याला दोष न देणे. चौथी, संबंधिताने स्वतः मान्य केल्यावाचून त्याच्यावर कारवाई न करणे. पाचवी, एकमत होत नसेल तर शलाका म्हणजे काड्या वाटून बहुमत घेणे. सहावी, क्षणोक्षणी जबानी फिरविणाऱ्याची कसून चौकशी करून त्याच्याविरुद्ध निर्णय देणे. सातवीचे नाव 'तिणवत्थारक', म्हणजे गवताने झाकणे. दोन्ही पक्षांकडून पुष्कळ चुका झाल्या असतील आणि एकेक उकरून काढल्याने वैर वाढणारच असेल, तर प्रत्येक पक्षाच्या वतीने एकाने सर्वांसमोर चुका कबूल कराव्यात आणि विषय संपवावा. मात्र गंभीर अपराध आणि गृहस्थांशी संबंधित अपराध यांना गवताखाली झाकता येत नाही, अशी स्पष्ट मर्यादा घातली आहे.

मनोविकारग्रस्ताला दोषमुक्त ठेवणारी तिसरी रीत आणि मतदानाची पाचवी रीत अडीच हजार वर्षांच्या परंपरेत आहे, हे आश्चर्यकारक वाटेल. डॉ. आंबेडकरांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेतील भाषणात बौद्ध संघांना ठराव, गणपूर्ती, मतदान इत्यादी संसदीय कार्यपद्धती अवगत होती, याचा आवर्जून उल्लेख केला होता. महाराष्ट्रात 15 ऑगस्ट 2007 पासून राबविण्यात आलेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेत गावातील तंटे सामोपचाराने गावातच मिटविण्याचा जो प्रयत्न झाला, त्यात काम केलेल्यांना या सात रीतींत ओळखीचे पुष्कळ काही सापडेल.

या रीतीही नेहमी यशस्वी झाल्या नाहीत. कौशांबीच्या विहारात शौचकूपातील भांड्यात पाणी शिल्लक ठेवण्याच्या क्षुल्लक मुद्द्यावरून दोन विद्वान भिक्षूंत वाद झाला आणि त्यांच्या शिष्यांचे दोन तट पडले. बुद्धांनी वारंवार समजाविले. त्यांनी ऐकले नाही. बुद्ध एकटेच निघून अरण्यात राहिले. तेव्हा कौशांबीच्या सामान्य नागरिकांनी भांडखोर भिक्षूंना वंदन करणे व भिक्षा देणे बंद केले, आणि भिक्षू ताळ्यावर आले. उपदेश थकला तेथे लोकमताने काम केले.

आधी अन्न, मग उपदेश

मनाचे शास्त्र सांगणारे ग्रंथ पोटाचा प्रश्न विसरलेले नाहीत. आळवी गावच्या एका गरीब शेतकऱ्याचा बैल हरवला होता. तो शोधून, दमून, उपाशीपोटी तो बुद्धांच्या प्रवचनाला आला. त्याला आधी जेवू घालण्यास बुद्धांनी सांगितले आणि त्याचे जेवण होईपर्यंत प्रवचन थांबविले, अशी कथा धम्मपदाच्या अट्ठकथेत आहे. उपाशी माणसाला धर्म समजत नाही, हे तिचे तात्पर्य होय.

'कूटदंत सुत्ता'त राज्यातील लुटारूंचा बंदोबस्त कसा करावा, यावर एक पुरोहित राजाला सल्ला देतो. शिरच्छेद आणि कैद यांनी लूटमार समूळ थांबणार नाही. शेती करणाऱ्यांना बियाणे, व्यापार करणाऱ्यांना भांडवल आणि राजसेवा करणाऱ्यांना वेतन द्यावे. लोक आपापल्या कामात गुंतले की राज्य निर्भय होईल. 'चक्कवत्ति सीहनाद सुत्ता'त याचीच दुसरी बाजू आहे. निर्धनांना धन न मिळाल्याने दारिद्र्य वाढले, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्रे, शस्त्रांतून हत्या. एका चोराला राजाने धन दिले, तर इतरही त्या आशेने चोरी करू लागले. मग शिरच्छेद आरंभला, तर चोरांनीही शस्त्रे धरली. केवळ दान किंवा केवळ दंड यांपैकी काहीच पुरे पडले नाही.

म्हणून शोषण सोसणाऱ्याला 'मन शांत ठेव' असे सांगून गप्प बसविणे, हा या विचाराचा दुरुपयोग ठरेल. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूर येथे डॉ. आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला, तेव्हा त्यांच्यापुढे स्वाभिमानाने उभे राहणारे मन आणि समतेवर उभा असलेला समाज ही दोन्ही उद्दिष्टे होती.

आजच्या काळातील उपयोग

गेल्या अर्धशतकात या प्राचीन अभ्यासाची आधुनिक वैद्यकानेही दखल घेतली आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जॉन कबाट-झिन यांनी 1979 साली दीर्घकालीन दुखणी व ताण असलेल्या रुग्णांसाठी सजगतेचा अभ्यासक्रम सुरू केला. पुढे सेगल, विल्यम्स आणि टीसडेल या मानसशास्त्रज्ञांनी वारंवार नैराश्य येणाऱ्या रुग्णांसाठी त्याच धर्तीची उपचारपद्धती विकसित केली. ती 2002 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली, आणि 2004 साली ब्रिटनमधील अधिकृत उपचार-मार्गदर्शिकेत तिची शिफारस झाली. उदास विचार म्हणजे वस्तुस्थिती नव्हे, तर मनात उमटून जाणारी घटना आहे, हे रुग्णाला शिकविणे हा तिचा गाभा आहे. दुसऱ्या बाणाचीच ही ओळख म्हणता येईल.

भारतात सत्यनारायण गोयंका यांनी ब्रह्मदेशातून आणलेली विपश्यना साधना 1969 पासून शिकविण्यास आरंभ केला. नाशिक जिल्ह्यातील इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रात 1976 पासून दहा दिवसांची शिबिरे भरू लागली. कारागृहांतही तिचे प्रयोग झाले : 1975 साली जयपूर येथे, तर 1994 साली दिल्लीच्या तिहार कारागृहात, जेथे एका शिबिरात एक हजाराहून अधिक बंदी सहभागी झाले होते.

याबरोबर एक सावधगिरीही आवश्यक आहे. ध्यान हे औषधाला पर्याय नव्हे. तीव्र नैराश्य, भ्रम, आत्महत्येचे विचार अशी लक्षणे असलेल्या व्यक्तीला ध्यानशिबिराला धाडण्याऐवजी आधी मनोविकारतज्ज्ञाकडे नेले पाहिजे. काहींना दीर्घ मौनाने त्रासही होतो. केंद्र शासनाने ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू केलेल्या टेली-मानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर मानसिक आरोग्याविषयी विनामूल्य सल्ला मिळू शकतो. शिक्षक व ग्रामपंचायत सदस्यांनी हा क्रमांक गावातील फलकावर लावणे इष्ट होय.

शाळेत वर्ग सुरू होण्यापूर्वी पाच मिनिटे श्वासाकडे लक्ष देण्याचा परिपाठ ठेवण्यास खर्च येत नाही. त्यासाठी कोणत्याही धर्माचे नाव घेण्याची गरज नाही. मुदितेचा पाठ तर याहून सोपा आहे : शर्यतीत दुसऱ्या आलेल्या मुलाला पहिल्याचे अभिनंदन करण्यास शिकविणे.

कालव्याच्या पाणीपाळीवरून आजही तंटे होतात. वरच्या शेतकऱ्याने पाळी संपल्यावर चारी अडविली, शेवटच्या टोकाला पाणी पोचले नाही, एवढ्यावरून सुरुवात होते आणि दोन घराण्यांचे बोलणे पिढ्यान्‌पिढ्या बंद होते. अशा वेळी पंचाने प्रथम तक्रार शेतावर जाऊन ऐकावी, कारण वर येईपर्यंत तिच्यातील पाणी हरवलेले असते. त्यानंतर भांडणातले पाणी आणि अपमान वेगळे करावेत. पाण्याला माप आहे, पाळी आहे, नियम आहेत. ते पाण्याचा हिशेब करतात. अपमानाला मात्र कोणतेही माप नाही. दोन्ही पक्षांना समोरासमोर बसवून, कोणते शब्द लागले ते त्यांच्याच तोंडून वदवून घेतल्याखेरीज तो निघत नाही. एवढे साधले की पाण्याचा प्रश्न पुन्हा पाण्याएवढाच राहतो, आणि पाण्याएवढा राहिलेला प्रश्न गावाला सोडविता येतो.